वर या, सत्कार आहे!

आमच्या मित्राला एकांकिका-लेखनाचं बक्षीस मिळालं. मित्र व्हीलचेअर वापरतो. निमंत्रणात ठळक ओळ होती, ‘सत्कारमूर्तींनी अर्धा तास आधी यावे.’ आम्ही तासभर आधी पोचलो. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, तुमच्याच गावातलं समजा.

रॅम्प होता. खोटं कशाला बोला! त्यावर दोन स्कूटर उभ्या होत्या आणि कुठल्याशा नाटकातला दिवाणखान्याचा दरवाजा टेकवून ठेवला होता. सगळं बाजूला केल्यावर दिसली ती घसरगुंडी. फूटभर चढायचं तर बारा फूट उतार हवा, असं मानक सांगतं. इथे दोन फुटांचा चढ सहा फुटांत उरकलेला. दोघं मागून रेटतोय, एक पुढून ओढतोय, आणि सत्कारमूर्ती शांतपणे म्हणताहेत, “पडलो तर बक्षीस घरच्यांना द्या.”

आत खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. मधल्या वाटेत थांबलो तर “लोकांना अडचण होते”, कडेला सरकलो तर खांब. अंधांना प्रसंग कानात सांगणारी सोय, कर्णबधिरांसाठी पडद्यावर संवाद वगैरे मागण्या तर पुढच्या जन्मीच्या.

खरी गंमत रंगमंचापाशी. पाच पायऱ्या, कठडाही नाही. व्यवस्थापक बिचारा भला माणूस. “दादा, आधी फोन टाकला असता तर चार पोरं ठेवली असती उचलायला.”

“मी काय गणपती आहे?” मित्र म्हणाला. “मग विसर्जनाचंही बघता का?”

अपंग माणूस आला तर प्रेक्षक म्हणून येईल, असं धरून निदान दारात तरी उताराचं सिमेंट ओतलं जातं. तो लेखक, नट, दिग्दर्शक म्हणून मंचावर जाईल, हे नकाशा काढणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याला मात्र ते सुचलं होतं. त्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनाची यादी सुरू होते तीच अपंग कलावंत आणि लेखकांना पाठबळ देण्यापासून. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 चे. हिशेब तुम्हीच करा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावं लागलं की नुसत्या शिफारशी पुरेत, बंधनकारक नियम करा. तीन फुटी मंचाला छत्तीस फूट उतार लागतो हे खरं, पण ज्यांना फिरता रंगमंच जमतो त्यांना छोटी लिफ्ट जमू नये?

शेवटी निवेदिकेनं भरल्या गळ्यानं जाहीर केलं, “आपले लाडके लेखक वर येऊ शकत नाहीत, म्हणून मान्यवरच त्यांच्याकडे येत आहेत.” टाळ्या कडाडल्या. मान्यवर आले ते मंचाच्या कडेपर्यंत. तिथूनच वाकून शाल घातली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. मान्यवरांचे गुडघे फार स्पष्ट आले आहेत.