भाकर कोनं टाकली?

"काकू, आयकलं का? कोपऱ्यावरच्या पोरीच्या खात्यात पैसे आले."

"कायचे वं? लग्नाचे?"

"लग्नाचे नाई, कॉलेजाचे! सरकारच्या 'गाव की बेटी' योजनेचे. महिन्याचे 500, अशे दहा महिन्याचे. पांढुर्ण्याले सरकारी कॉलेजात बी.ए. करून रायली ना ते."

"जिचा बाप सारी मजुरी गुत्त्यावर ठेवून येते, तेच का? पोरगी जिद्दीची हाय, हे म्या पयलेच म्हनलं होतं."

"तुमी तं म्हनलं होतं, दहावी झाली का उजवून टाका."

"ते बी म्हनलं होतं. म्हातारं मानूस दोन्ही म्हनते."

"जिद्द-जिद्द सारेच करतात काकू. भाकर कोनं टाकली, हे कोनी इचारत नाई. तो भास्कर हलामी पाहा ना, गडचिरोलीकडचा. कुरखेडा तालुक्यातलं चिरचाडी गाव त्याचं. पुढं अमेरिकेत, मेरीलँडमधी, औषधाच्या कंपनीत मोठा शास्त्रज्ञ झाला. लहानपनी पावसायात घरात दाना नसे, तं मोहाची फुलं शिजवून खात. नाईतं रानातल्या तांदयाच्या पिठाची आंबील."

"मोह? नुसता पचते का तो?"

"तोच सांगते, धड शिजत बी नाई अन् पचत बी नाई. बाप सातवी शिकेल. त्याले कसनसूरच्या शाळेत सैपाक्याची नोकरी लागली. गावापासून 100 किलोमीटरच्या वर. बाप गेला तो तीन-चार महिने खबरच नाई, पोचला का नाई पोचला. माय बिचारी वाट पाहे. मंग आला अन् पुढं साऱ्यायले तिकडंच घेऊन गेला. पोरगा तिथल्या आश्रमशाळेत चौथीवरी शिकला, स्कॉलरशिपची परीक्षा पास झाला, केळापूरच्या विद्यानिकेतनात दहावी, गडचिरोलीले बी.एस्सी., नागपूरले एम.एस्सी. तवा कुठं मिशिगनले पीएच.डी."

"म्हंजे अक्कल पोराची अन् कढई बापाची."

"हां! आता बोल्ल्या."

"अन् आपल्या या पोरीची कढई?"

"आजीची. माय दिवसभर कापूस वेचाले, बाप असा. आजी सकायी भाकरी टाकून डब्बा देये, अन् पोरीचे कागद आड्याले पन्नीत टांगून ठेवे. खाली ठेवले तं बाप इकून टाकीन, म्हने. मार्कशीटचा एक कोपरा उंदरानं खाल्ला तरी. आय प्रमाणपत्र, मूल निवासी, समग्र आयडी, साऱ्या खेपा म्हातारीनं काठी टेकत केल्या. बरं झालं, 2023 मधी पांढुर्णाच जिल्हा झाला, नाईतं हरेक कामाले छिंदवाडा."

"जिल्हा झाला, आता तरी गोटमारीची दगडफेक थांबते का पाहा. माह्या भावाच्या कपायावर अजून खोक हाय."

"ते राहू द्या वं काकू. मी काय म्हनतो, बारावीत तिले 66 टक्के. 70 असते तं मेधावी योजनेत फीच सरकारनं भरली असती. चार टक्के गेले कापसात. वेचाईच्या दिवसात माय तिले बी संग नेये, तं शाळा बुडे. अन् घरी आपली मराठी, पुस्तक सारं हिंदीत. तरी फर्स्ट डिव्हिजन आली, म्हनून हे पाचशे तरी भेटले."

"पाचशात काय होते आजकाल?"

"गाडीभाडं होते. अन् बापाच्या हातात पडत नाई, सिद्दे तिच्याच खात्यात. म्हनून तं तो दोन दिवसापासून आंगनात बोंबलून रायला."

"म्हनून का तो कालवा! मले वाटलं, बैल सुटला कोनाचा. बरं आयक, त्या पोरीले सांगजो, आयतवारी मृगाचा संत्रा तोडाले ये म्हना. हात चालते तिचा. मजुरी रोख."

"काकू, सोमवारी पेपर हाय तिचा."

"मंग दुपारवरीच ये म्हना. पेपर तं सोमवारी हाय ना?"

"अन् आजीले कोन सांगन? तुमीच जा. काठी दारातच ठेवली रायते तिची."

"राहू दे बापा. दुसरं कोनी पाहातो मी."