प्लस सी

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात बी.एस्सी.चं ‘डिफरन्शियल इक्वेशन्स’ मागितलं, की दुकानदार विचारतो, “टेक्स्टबुक की प्रश्नसंच?” विचारणं हा शिष्टाचार, प्रश्नसंच त्याने आधीच काढलेला असतो. त्यात समीकरणांच्या जाती लावलेल्या: होमोजिनिअस, एक्झॅक्ट, लिनिअर, बर्नूली, क्लेरो. जात ओळखा, इंटिग्रेटिंग फॅक्टर काढा, दोन्ही बाजूंना गुणा, शेवटी स्थिरांकाचं ‘प्लस सी’ लिहा. समीकरण मुळात कुठून आलं? पेपरातून!

खरं तर हा विषय याच शहरासाठी जन्मला असावा. येणारं पाणी वजा जाणारं पाणी म्हणजे टाकीतला साठा बदलण्याचा दर, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. पैठणला नाथसागर जलाशय भरलेला असला तरी शहरातल्या नळाला पाणी वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड. म्हणजे ‘येणारं पाणी’ बहुतेक वेळ शून्य, मग मध्यरात्री अचानक तासभर धो धो. मधल्या दिवसांत गच्चीवरच्या काळ्या टाकीवर घरची बाई बोटाचं पेर वाजवत वरून खाली येते. पोकळ आवाज भरीव झाला तिथे पातळी. पाहुणे आलेत, धुणं उद्यावर. इनिशियल कंडिशन घेतली, उत्तर काढलं. तिला मार्क मात्र कुणी देत नाही.

पेपर काढणाऱ्यांना एकच विनंती. ‘प्लस सी’ विसरणाऱ्याचा मार्क खुशाल कापा. पण सुरुवातीला टाकीत किती पाणी होतं हे कळल्याशिवाय त्या ‘सी’ची किंमत निघत नाही, एवढं तरी आधी शिकवा.