आठवड्याची वाटणी

मीरा-भाईंदरच्या नोकरदाराच्या आठवड्यात काम, आरोग्य, कुटुंब, कला आणि प्रवास असे पाच विभाग असतात. पैकी प्रवास हा मूळ मालक. बाकीचे चौघे त्याचे पोटभाडेकरू.

1867 साली विरारहून मुंबईतल्या बॅकबे स्थानकाला रोज एकच गाडी जात असे. ती चुकली की माणूस निमूट घरी राहत असावा. आता गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे ही सवलत गेली. विरार लोकलमध्ये भाईंदरला चढता येते, असे वेळापत्रक सांगते. दारातल्या मंडळींचे मत वेगळे असते. म्हणून मीरा रोडचा जाणता प्रवासी चर्चगेट गाठण्यासाठी आधी उलट्या दिशेने भाईंदरला जातो आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत ‘रिटर्न’ येऊन खिडकी मिळवतो. याला व्यवस्थापनशास्त्रात अजून नाव मिळालेले नाही.

आरोग्याचा भाग पुलाच्या जिन्यावर उरकतो. कलेसाठी शहरात लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. पण तिसरी घंटा होते तेव्हा रसिक बोरिवलीला दारात लटकलेला असतो. त्याची हौस डब्यातले भजनी मंडळ भागवते, पत्र्यावरच्या ठेक्यासह. कामाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ते दोन प्रवासांच्या मध्ये होते.

कुटुंबाच्या वाट्याला रविवार येतो. त्या दिवशी सगळे उत्तनच्या किनाऱ्यावर निघतात आणि बस दिसताच रुमाल टाकून जागा धरण्याचे काम, अनुभवाच्या जोरावर, कर्त्या पुरुषाकडे येते.