पंच्याहत्तर टक्के मालिनोव्स्की

इंदूरमध्ये मानववंशशास्त्राला मिळणारा मान त्यावर खर्च केलेल्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंग क्लासात हा विषय चार-सहा महिन्यांत उरकणारा मुलगा हुशार ठरतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना मिळून ५०० गुण असतात, आणि हा विषय आटोपशीर म्हणून नावाजलेला आहे. तोच विषय खासगी कॉलेजात फी भरून तीन वर्षं शिकायचा असं एखाद्या मुलीनं म्हटलं, की घरात बैठक बसते. काका येतात, आत्या येतात, पुण्याच्या मावशींना फोन लागतो. पुढे काय, फी किती, होस्टेल की बस, मुलाकडचे विचारतील तेव्हा काय सांगायचं, सगळं निघतं. एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही: हे कॉलेज मुलांना वर्गाबाहेर किती सोडतं? माझ्या मते या पदवीची किंमत त्या एकाच उत्तरावर ठरते. वर्गात बसून तीन वर्षं नोट्सच उतरवायच्या असतील तर भंवरकुआं स्वस्त पडतं, आणि तिथे चहाही बरा मिळतो.

कारण हे शास्त्रच मुळी गैरहजर राहून वाढलेलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाकडे गेला. तो ऑस्ट्रियाचा प्रजाजन, म्हणजे कागदोपत्री शत्रू. तरी त्याला तिकडे काम करू दिलं गेलं. ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून, दोन खेपांत मिळून तो सुमारे दोन वर्षं राहिला आणि १९२२ मध्ये त्यानं ‘आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ लिहिलं. तेव्हापासून लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून लिहिणं हा या विषयाचा कुळाचार झाला. हाच मालिनोव्स्की आज बायपासवरच्या एखाद्या कॉलेजात असता तर पहिल्याच सेमिस्टरला पालकांच्या मोबाइलवर संदेश गेला असता: आपल्या पाल्याची हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. बेटावरून परतल्यावर त्यानं दंड भरून, अर्जाला वैद्यकीय दाखला जोडून परीक्षेला बसायची परवानगी मिळवली असती. आणि प्रश्न आला असता, ‘मालिनोव्स्कीची क्षेत्रकार्यपद्धती, थोडक्यात टिपा लिहा.’

‘मग काय मुलांना छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत मोकाट सोडायचं?’ असं प्राचार्य विचारतील, आणि त्यांचं विचारणं वाजवी आहे. माझं उत्तर: सोडा, पण हातात वही द्या. एड्रियन मेयर हा ब्रिटिश अभ्यासक १९५४ ते ५६ या काळात माळव्यातच, इंदूरहून बसनं तासाभरावरच्या देवासजवळच्या एका खेड्यात राहिला. १९६०च्या त्याच्या पुस्तकात त्या गावाचं नाव रामखेडी आहे. कोण कोणाच्या हातचं खातं हे त्यानं बारकाईनं टिपलं. पाण्यात शिजलेलं कच्चं कोणाकडचं चालतं, तुपातेलात तळलेलं पक्कं कोणाकडचं, चिलीम कोणाबरोबर ओढता येते. पक्क्याला विटाळाची भीती कमी, म्हणून ते जास्त जातींकडून चाले. आता हे ज्ञान घेऊन रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात उभं राहावं. कचोरी, गराडू, मालपुवा, जिलबी, सारं कढईतलं. सोनारांच्या बंद दुकानांपुढे अख्खं शहर कोपराला कोपर लावून कोणाच्याही हातचं खातं. हे इंदूरचं मोठं मन, की तळणीला मिळालेली जुनी सवलत? मला सवलतीचा संशय जास्त. पण लगेच सकाळचे पोहे आडवे येतात. ते वाफेवरचे, तेल फोडणीपुरतं. मग ते कच्चे की पक्के? घरी विचारावं, तर पोहे खरकटे की नाही यावर दोन आज्यांचं एकमत होत नाही, आणि तिसरी म्हणते की वरून जीरावन मसाला घातला की सगळं चालतं. सिद्धान्ताला असा टांग मारणारा जिन्नस ताटात सापडला की खरा अभ्यास सुरू होतो. नोट्समध्ये तो सापडत नाही. नोट्स काढणाऱ्यानं पोहे संपवून हात पुसलेले असतात.

हाच मेयर १९९२पर्यंत त्या गावी परतत राहिला. खाण्यापिण्याचे नियम सैल झालेले त्याला दिसले, लग्नं मात्र जातीतच. हे तपासायला इंदूरच्या मराठी मंडळींना देवासलाही जायला नको, वधूवर मेळाव्याचा फॉर्म पुरे. सराफ्यात ज्याच्या शेजारी उभं राहून आपण कचोरी खाल्ली, त्याचं आडनाव त्या फॉर्मात चालेलच असं नाही.

इथे बैठकीतले काका म्हणतील, ‘अहो, हे आदिवासींचं शास्त्र. त्यात आपण कुठे आलो?’ हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत लाडका आहे, कारण आपण अभ्यासाचा विषय होऊ शकतो ही कल्पना पांढरपेशांना कधीच रुचलेली नाही. काकांना ‘युगान्त’ माहीत असतं, त्याची प्रत कपाटात असते. पण इरावती कर्वे या पेशानं मानववंशशास्त्रज्ञ होत्या हे त्या कपाटाला ठाऊक नसतं. १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे थेट सासरच्यांवर. बसभाड्याच्या दृष्टीनं याहून काटकसरीचं क्षेत्रकार्य संभवत नाही. धोक्याच्या दृष्टीनं ट्रोब्रियांड बेटं सोपी पडावीत. पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी महाराष्ट्रभर फिरून माणसांची डोकी मोजली, आणि त्यांच्या कॅलिपरनं कोणाचंही डोकं पवित्र म्हणून वगळलं नाही. जाणता वाचक इथे घुर्यांकडे बोट दाखवेल: ते तर खुर्चीत बसूनच लिहीत! खरं आहे, पण त्यांनी शिष्यांना मात्र गावोगाव पिटाळलं. आपल्या कॉलेजांनी घुर्यांची खुर्ची तेवढी घेतली.

नोकरीचा आक्षेप मी टाळणार नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेला, कोलकात्याला मुख्यालय असलेला भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण विभाग आहे, भोपाळला श्यामला टेकडीवर मानव संग्रहालय आहे. पण तिथल्या जागा मोजक्या. त्यामुळे ‘पदवी घेतली की सरकारी खुर्ची’ असं मी सांगत नाही. मात्र हा प्रश्न बायपासवरच्याच बीबीए आणि इंजिनिअरिंगच्या इमारतींनाही विचारावा. त्यांच्या फलकांवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली पगाराचे आकडे असतात. मानववंशशास्त्र असला कसलाच शब्द देत नाही, म्हणून तो मोडतही नाही. शिवाय यूपीएससीला हाच विषय पाचशे गुणांचा होताच घरच्यांना चालतो. म्हणजे त्यांचं वैर विषयाशी नसतं, त्याला तीन वर्षं देण्याशी असतं.

उरला पैशाचा मुद्दा, आणि खासगी संस्थाचालकांचं तिथेच अडतं. क्षेत्रकार्य परवडत नाही, म्हणतात. पण कॉलेजांच्या पिवळ्या बसा सकाळी मुलांना सोडून संध्याकाळपर्यंत मैदानात उन्हं खात उभ्याच असतात. त्यांतली एक देवासपर्यंत जाऊन परत यायला फक्त डिझेल लागतं. पश्चिमेला धार, झाबुआ, अलीराजपूर आहेत. २०११च्या जनगणनेनुसार झाबुआ आणि अलीराजपूरमध्ये दहातले आठाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. होळीआधीच्या आठवड्यात तिथे गावोगावच्या आठवडी बाजारांच्या वारी भगोरिया भरतो. वर्तमानपत्रं दरवर्षी त्याला ‘आदिवासींचा व्हॅलेंटाइन डे’ म्हणतात, आणि भिल्ल-भिलाला समाजातले लोक दरवर्षी सांगतात की बाबांनो, हा होळीचा बाजार आहे, पळून जायचा मुहूर्त नव्हे. यातलं खरं काय ते जाऊन पाहणं हेच तर या पदवीचं काम. पण अंतर्गत चाचण्याही नेमक्या त्याच सुमारास आलेल्या असतात, आणि त्यांत ‘भगोरियाचं सामाजिक महत्त्व’ हा प्रश्न पाच गुणांना असतो. चाचणी आठवडाभर पुढे ढकलता येईल का, असं विचारलं तर कार्यालयातून उत्तर येतं की वेळापत्रक विद्यापीठाकडून आलंय. आणि विद्यापीठात विचारलं तर कळतं की अंतर्गत चाचणीची तारीख ज्याची त्यानं ठरवायची असते.