दोन रेघा आणि आठवीतली पोरगी

भारत पुढे की बांगलादेश, असा वाद निघाला की कुणीतरी आलेख काढतंच. 2050 साली किती मुली दहावी-बारावी झालेल्या असतील, कोणाची रेघ वर, कोणाची खाली. मला या वादाचा मनापासून राग येतो. ती रेघ कशी काढतात हे एकदा समजून घेतलं, तर वाद घालायला वेळच उरणार नाही.

व्हिएन्नातल्या विट्गेनश्टाइन केंद्राचे लोकसंख्याशास्त्रज्ञ जगातल्या बहुतेक देशांची अशी प्रक्षेपणं करतात. त्यामागचं गृहीतक साधं आहे. माणसाचं शालेय शिक्षण पंचविशीच्या आत ठरून जातं आणि मरेपर्यंत सहसा तेवढंच राहतं. म्हणून 2025 साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी त्यांच्या तक्त्यात दर पाच वर्षांनी एक रकाना पुढे सरकते. विशीची, पंचविशीची, तिशीची. 2075 साली ती पासष्टची होईल आणि आज शाळा सुटली असेल तर तेव्हाही आठवीपर्यंत शिकलेल्यांतच मोजली जाईल. तिच्यामागून येणाऱ्या मुलींचं मात्र काहीतरी धरून चालावं लागतं. शिकणाऱ्यांचं प्रमाण आजच्याइतकंच राहिलं तर, आजवरच्या वेगानं वाढलं तर, दक्षिण कोरियासारखी झेप घेतली तर. एकाच देशाच्या अशा तीन रेघा निघतात. यातली खरी कोणती ठरणार, हे व्हिएन्नात ठरत नाही.

बांगलादेशात ते ठरायला सुरुवात झाली 1982 साली, चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्तीत. सहावीपासून पुढच्या मुलींना शिष्यवृत्ती द्यायची, असा तो प्रयोग. 1994 मध्ये तो देशभरच्या ग्रामीण भागात नेला. अटी तीन. 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात. रक्कम किरकोळ होती, पण ‘पोरीला शाळेत कशाला’ या प्रश्नाला घरातच उत्तर मिळालं. पुढे तिथल्या माध्यमिक शाळांत मुलींचा पट मुलांच्या वर गेला. आपल्याहून गरीब देशानं हे केलं, आणि त्याचं कौतुक आपण मोकळेपणानं करायला हवं.

तरीही तिथे 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या अठराच्या आतच बोहल्यावर चढलेल्या आहेत. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हेच प्रमाण सुमारे 23 टक्के निघालं. मग आपण जिंकलो का? त्याच सर्वेक्षणातलं परभणी आणि बीडचं पान उघडा. दोन्ही जिल्ह्यांत आकडा 40 टक्क्यांच्या वर आहे. देशाची सरासरी सांगून छाती फुगवणाऱ्यानं हे पान आधी वाचावं.

या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल तोवर संपलेली असते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नाही. तेराचौदा वर्षांची पोरगी मागे ठेवायची तर कोणाजवळ? फडावर न्यावी तर शाळा सुटते, गावी ठेवावी तर आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. लग्न लावून दिलं की जबाबदारी सुटली, असं वाटणारे हे आईबाप निर्दयी नाहीत, त्यांना दुसरी वाट कोणी दाखवलेली नाही. बीडकडच्या एका घरात मी खुंटीला अडकवलेलं दप्तर पाहिलं होतं. आत आठवीचं गणिताचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर नीट घडी घालून चढवलेलं. पोरगी चुलीपुढे धाकट्या भावाला भाकर कुस्करून भरवत होती. फेब्रुवारी चालू होता, आणि तिची शाळा गावातच, हाकेच्या अंतरावर भरलेली होती.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, आणि तो 6 ते 14 वयापुरता. म्हणजे घरात लग्नाची कुजबुज सुरू होते नेमक्या त्याच वयात कायदा पोरीचा हात सोडतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणात बारावीपर्यंत सगळ्यांना शाळेत आणायचं लिहिलं आहे, 2030 ची मुदतही घातली आहे. पण धोरण दाखवून सरपंचाला किंवा हेडमास्तरला जाब विचारता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो. तो अठरापर्यंत न्या, हे सांगून आता लोकांची तोंडं दुखली.

तोवर काही होत नाही असंही नाही. बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा मुलींचे प्रवेश वाढलेले दिसले आणि हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत ती वाढ जास्त होती. अडचण अंतराची होती, तिथे सायकल कामाला आली. ऊसतोडीच्या गावांत अडचण रात्रीची आहे. तिथे वसतिगृह हवं, नववी-दहावीच्या पोरींनाही घेणारं. आतून लागणारी कडी, चालू दिवा आणि रात्री मुक्कामाला राहणारी बाई. पुढचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल. हे सगळं त्याच्या आधी, दसऱ्यापर्यंत तयार पाहिजे.