फिफोवाला की सादा?

लॅमिंग्टन रोडवर दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, त्याचा प्रश्न बघतो. प्रश्न नेमका असेल तर माल काउंटरवर येतो, नाहीतर 'आगे देखो'. (रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने पत्ता विचारलात तर ग्रँट रोड स्टेशनाबाहेर लोक तुमच्याकडे कीव येऊन बघतात.) माझ्या भाचीने तिथे नुसतं "ओव्ही सेव्हन सिक्स सेव्हन झीरो" म्हटलं. आतून प्रतिप्रश्न आला, "फिफोवाला दूँ, या सादा?"

मला वाटलं, फिफो हे कुणाच्या तरी पामेरियनचं नाव असावं. भाची म्हणाली, "सादा."

भाची बोरिवलीची, पण कॉलेज आमच्या बाजूला. त्यामुळे सबमिशनचे दिवस आले की ती मुलुंडला आमच्याकडे मुक्कामाला येते आणि आमचं डायनिंग टेबल प्रयोगशाळा होतं. यंदाचा प्रोजेक्ट होता : कॅमेऱ्याचा सुटा सेन्सर (तोच तो ओव्ही सेव्हन सिक्स सेव्हन झीरो) घ्यायचा, यूएसबीची कंट्रोलर चिप घ्यायची, दोघांना तारांनी जोडायचं आणि लॅपटॉपवर चालतं चित्र दाखवायचं.

"म्हणजे वेबकॅमच ना?" मामीने विचारलं. "तो तर तयार मिळतो."

"मामी, तयार मिळतो त्याला प्रोजेक्ट म्हणत नाहीत."

यावर मामीने जेवणाची ताटं निमूटपणे हॉलमध्ये नेली.

सेन्सरचं ते बोर्ड काडेपेटीहून लहान, खाली अठरा पिना. दुसऱ्या बोर्डावर सायप्रस कंपनीची 'एफएक्स२' चिप. दोन्ही समोरासमोर ठेवून भाचीने मला त्यांचे स्वभाव समजावून सांगितले. लग्न ठरवण्यापूर्वी दोन्हीकडची माहिती असावी, हे मला पटलं.

"हे बघ मामा, सेन्सर कुणासाठी थांबत नाही. सेकंदाला तीस चित्रं. एकेक चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, एका ठिपक्याला दोन बाइट. कर हिशोब."

मी बँकेत नोकरी केलेली. केला. सेकंदाला १,८४,३२,००० बाइट.

"आणि पुढे कुणी घ्यायला उभं आहे की नाही, हे तो बघतच नाही. ओतत सुटतो. यूएसबीचं बरोबर उलटं. कॉम्प्युटर विचारणार, 'आहे का काही?' तेव्हाच खालच्याने द्यायचं. आपणहून एक बाइट पाठवायची परवानगी नाही."

"मग या दोघांचं जमायचं कसं?"

"मध्ये फिफो असतो. आधी आला तो आधी गेला, अशी रांग. या चिपमध्ये ती आहे चार किलोबाइटची."

तिथे माझ्या डोक्यात घाटकोपर स्टेशन उभं राहिलं. लोकल येते आणि पुढचा पूल रिकामा आहे की भरलेला याची तिळमात्र चौकशी न करता माणसं फलाटावर ओतते. पलीकडे वर्सोव्याची मेट्रो. ती आपल्या वेळेला येणार, दार उघडून मोजकी माणसं घेणार. मधला पूल म्हणजे फिफो. २०१४च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हापासून मी त्या पुलावर उभा राहिलो आहे, पण आपण एका इलेक्ट्रॉनिक तत्त्वाचा भाग आहोत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फरक एवढाच, की घाटकोपरला पूल भरला तर माणूस दुसऱ्याच्या पायावर उभा राहतो. फिफो भरला की मागून येणारा बाइट सरळ नाहीसा होतो.

"चार किलोबाइट भरायला किती वेळ?"

"ओळ चालू असेल तर सेकंदाचा साधारण सहा हजारावा भाग."

"मग तो दुकानदाराचा फिफोवाला का नाही घेतलास? मोठा पूल मिळाला असता!"

"त्याच्यात ३,९३,२१६ बाइट मावतात. माझं एक चित्र ६,१४,४०० बाइटचं आहे."

दुकानदाराचा प्रश्न किती मर्मावर बोट ठेवणारा होता, हे मला मुलुंडला बसून कळलं.

जोडणी सुरू झाली. आठ तारा डेटाच्या. पीक्लॉक म्हणजे प्रत्येक बाइटला पडणारा ठोका, तो कंट्रोलरच्या घड्याळाच्या पायाला. एचरेफ म्हणजे 'ओळ चालू आहे' ही खूण, ती 'लिही' सांगणाऱ्या पायाला. व्हीसिंक म्हणजे 'नवं चित्र'. शिवाय सेन्सरला हुकूम द्यायला आणखी दोन तारा. सगळं जोडलं, हुकूम पाठवला. सेन्सर गप्प.

गप्प असण्याची कारणं एकेक करून बाहेर आली. हुकमाच्या दोन तारांना वर ओढून धरणारे रेझिस्टर लागतात, ते लावले. पत्ता कुणी ४२ लिहितं, कुणी २१. दोन्ही बरोबर, कारण एकात शेवटचा बिट धरलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो. तोही मिटला. तरी गप्पच. मग कळलं, की या सेन्सरला बाहेरून घड्याळ दिल्याशिवाय तो हुकमालाही 'हो' म्हणत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल मी आजवर जे जे बोललो, ते सगळं या सेन्सरलाही लागू होतं. कंट्रोलरच्याच एका पायातून २४ मेगाहर्ट्झ दिले आणि साहेब बोलले.

पुढे रजिस्टरांची यादी. अमुक जागी अमुक आकडा लिहायचा. त्यातल्या बऱ्याच जागा कंपनीच्या कागदात 'राखीव' एवढंच लिहून मोकळ्या सोडलेल्या. 'बी-झीरो' या राखीव जागी 'एटी-फोर' लिहिलं नाही तर रंग बिघडतात. का, ते विचारायचं नाही. याच सेन्सरसाठी जोनाथन कॉर्बेटने २००६ साली लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला, त्यातही हे आकडे गूढच राहिले.

तो ड्रायव्हर 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पातल्या मुलांच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपसाठी होता. ते लॅपटॉप भारतात पहिल्यांदा वापरले गेले २००७ साली, कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत. म्हणजे आमच्या मुलुंडवरून जाणारी लोकल शेवटी जिथे पोचते, त्या भागातल्या मुलांनी हाच सेन्सर आमच्या कितीतरी आधी वापरला होता! "त्यांचा यूएसबीला नव्हता जोडलेला," भाची म्हणाली. "त्यांना कॅफे नावाची वेगळी चिप होती." कर्जत आणि कॅफे एका वाक्यात ऐकल्यावर मला बटाटावडा आठवला. प्रयोगशाळेला तेवढी सुट्टी द्यावी लागली.

आणि मग चित्र आलं. समोर मामी उभी होती. वरचं अर्धं चित्र झकास, खालचं अर्धं भयानक. पांढरी भिंत जांभळी-गुलाबी, काळी वेणी हिरवीगार.

"एवढे मेंदीचे पैसे घालवले ते उगाच," मामी म्हणाली.

भाची मात्र खूश. बाइट येतात ते उजेड, रंग, उजेड, रंग अशा क्रमाने. मध्येच एक हरवला की पुढचे सगळे एका घराने सरकतात. उजेडाला रंग समजलं जातं आणि रंगाला उजेड. म्हणजे चित्रात जिथे रंग फिरला, नेमका तिथे पूल भरला होता. त्या क्षणी आमचा जुना लॅपटॉप अँटिव्हायरस ताजा करत बसला होता आणि 'आहे का काही?' विचारायला विसरला होता.

औषध दुहेरी निघालं. लॅपटॉपने एकेक मागणी करायची नाही. वीसेक मागण्या आगाऊ नोंदवून ठेवायच्या, म्हणजे तो इकडेतिकडे गेला तरी काम अडत नाही. आणि दर नव्या चित्राला फिफो झाडून रिकामा करायचा, म्हणजे एका चित्राची चूक दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. मामीच्या केसांचा काळा रंग परत आला. त्यात मेंदीची लालसर झाक होती ती ६४० बाय ४८० मध्ये दिसली नाही, याबद्दल तिची तक्रार अजून कायम आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तारांचं जंजाळ पाहिलं, लॅपटॉपवर स्वतःचा चेहरा पाहिला आणि मामीचाच प्रश्न विचारला : "हे सगळं करण्यापेक्षा सरळ वेबकॅम का नाही वापरला?"

भाची म्हणाली, "सर, वेबकॅम वापरला असता, तर आज तुम्ही मला काय विचारलं असतं?"

सरांनी जरा विचार केला आणि विचारलं, "फिफो किती बाइटचा आहे?"