कंजूषाची थैली

प्रागच्या जुन्या टाउन हॉलवर 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. दिवसा दर तासाला त्यावरचा सांगाडा घंटा वाजवतो, थैली घट्ट धरलेला कंजूष मान हलवतो आणि खाली पर्यटक सॅक वाऱ्यावर सोडून वर बघत राहतात. खिसेकापूंना याहून चोख मुहूर्त कुठल्या पंचांगात मिळणार? एकट्या प्रवाशाला तर 'सॅक पुढे घे' म्हणणारंही कुणी नसतं.

वाचलात तर एटीएम आहेच. 'चेक कोरुनाऐवजी रुपयांत हिशेब करू?' एवढी माया सख्खा मामा दाखवत नाही. निमूट कोरुना निवडावा. चलन बदलून देणारा 'कमिशन शून्य'वाला दरातच हात मारतो. कायदा मात्र दयाळू: 1000 युरोपर्यंतची अदलाबदल तीन तासांत रद्द करता येते. पावती तेवढी हवी. ती अर्थातच पाकिटात होती.